वॉल्टर व्हाइट नेमका कधी हाताबाहेर गेला? (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

पाटील काका, सेक्रेटरी (ए-२०४): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या रविवारी सकाळी ९ ते १२ वरच्या टाकीची सफाई आहे. पाणी बंद राहील. बादल्या आजच भरून ठेवाव्यात.

रोहन (ए-५०४): ओके काका 👍

अभिजित (बी-४०३): रोहन, डीपी बघितला. काळी टोपी, गॉगल. ‘ब्रेकिंग बॅड’ मालिका संपली वाटतं?

रोहन: काल पहाटे संपवली दादा. ६२ च्या ६२ भाग. हायझेनबर्ग म्हणजे आपला ड्रग्ज बनवणारा वॉल्टर व्हाइट मास्तर, त्याच्यासारखा दुसरा होणे नाही 🔥

केतकी (सी-३०२): आरती ओवाळ आता त्याची. विष घातलेल्या पोराला विसरलास का?

रोहन: ताई, तो वाईट आहे हे मान्यच आहे. पण सुरुवात घरच्यांसाठी केली ना? कॅन्सर झालाय, बायकोला दिवस गेलेत, मुलाला सेरेब्रल पाल्सी. माणूस काय करेल?

केतकी: घरच्यांसाठी, घरच्यांसाठी. पाच सीझन हेच ऐकवलं त्याने. आणि शेवटच्या भागात बायकोपुढे उभा राहून काय म्हणतो? मी माझ्यासाठी केलं. मला आवडत होतं. मला ते जमत होतं.

नीलिमा वहिनी (बी-३०२): थांबा थांबा!! मी दुसऱ्या सीझनला आहे. अकरावा भाग आत्ता संपला. कोणी काही सांगू नका.

अभिजित: वहिनी, मालिका २०१३ साली संपली.

नीलिमा वहिनी: मग? २०१३ ला आमच्याकडे दहावी होती. टीव्हीची केबल काढून ठेवली होती.

पाटील काका: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे याची नोंद घ्यावी.

अभिजित: काका, टाकी धुऊन होईपर्यंत तरी बोलू द्या. माझा साधा प्रश्न आहे. अल्बुकर्कीतला हा केमिस्ट्रीचा मास्तर, पन्नाशीचा, शाळा सुटल्यावर गाड्या धुवायला जाणारा. तो हाताबाहेर गेला तो नेमका कुठे? माझ्या मते जेनच्या वेळी, म्हणजे त्याचा ड्रग्जच्या धंद्यातला पार्टनर जेसी, त्याच्या मैत्रिणीच्या. तोवर परत फिरायला जागा होती.

नीलिमा वहिनी: जेनचं काय?? 😡

अभिजित: वहिनी, ग्रुप म्यूट करा हो थोडा वेळ.

रोहन: जेन त्याला ब्लॅकमेल करत होती दादा. जेसीच्या वाट्याचे ४ लाख ८० हजार डॉलर दे, नाहीतर पोलिसांत जाईन म्हणून. आणि त्याने तिला हात लावून मारलं नाही.

केतकी: वा. समोर मुलगी उलटीने गुदमरतेय, तुम्ही पलंगापाशी उभे राहून बघताय, आणि ‘हात लावला नाही’?

नीलिमा वहिनी: झालं. सांगितलंत. धन्यवाद.

अभिजित: सॉरी वहिनी. पण ते फक्त जेनपुरतं राहत नाही. तिचे वडील विमानं उतरवणारे कंट्रोलर. पोरीच्या दुःखात कामावर जातात, हातून चूक होते आणि गावाच्या डोक्यावर दोन विमानं एकमेकांवर आदळतात. १६७ माणसं. मास्तर शाळेत मुलांना काय सांगतो? याहून मोठे अपघात झालेत, जग पुढे जातंच. मला त्या भाषणाची जास्त किळस आली.

सुषमा मॅडम (ए-१०१): मी ज्युनियर कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. मला बोलायला हवं. तुम्ही सगळे प्रेतं मोजताय. जेन, विमान, विष. त्याच्या कितीतरी आधीचा एक प्रसंग आहे ज्यात कोणी मरत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. पहिला सीझन, पाचवा भाग. एलियटचा वाढदिवस.

रोहन: तो बोअरिंग पार्टीवाला भाग, मॅडम?

सुषमा मॅडम: तोच बोअरिंग भाग. एलियट हा त्याचा जुना मित्र, दोघांनी मिळून काढलेली कंपनी. हा बाहेर पडला, ती कंपनी मोठी झाली. आता तो मित्र म्हणतो, आमच्याकडे नोकरीला ये, आमचा विमा चांगला आहे. मग त्याची बायको ग्रेचेन स्वतः फोन करून सांगते की उपचाराचा सगळा खर्च आम्ही करतो. कॅन्सर आहे, पैसे समोर आलेत, देणारे प्रेमाने देतायत. हा नको म्हणतो. आणि घरी बायकोला सांगतो की खर्च तेच करतायत! मग जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो, चल माल बनवू. रोहन, बाळा, आता सांग, घरच्यांसाठी की स्वतःच्या नाकासाठी?

रोहन: पण मॅडम, स्वाभिमान नको का माणसाला?

सुषमा मॅडम: स्वाभिमानी माणूस नको म्हणतो आणि तसं घरी सांगतो. हा खोटं बोलला. माझ्यासाठी तिथेच सगळं संपलं. पुढचे ५७ भाग म्हणजे त्या खोट्याचा हिशोब.

अभिजित: हे मान्य नाही मॅडम. गर्व म्हणाल तर आपल्या सगळ्यांच्यात आहे. मेहुण्याने हात पुढे केला तर मीही दहा वेळा विचार करेन. म्हणून मी खून करेन असं नाही.

पाटील काका: आता विषय निघालाच आहे तर. मी आणि सौ.ने लॉकडाऊनमध्ये पूर्ण बघितली आहे.

रोहन: काका?!! 😂

केतकी: सेक्रेटरींनीच नियम मोडला 😂

पाटील काका: हसू नका. मी बँकेत कर्ज खात्याला होतो, मी आकडे बघितले. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात तो उभ्या उभ्या हिशोब करतो. दोन मुलांचं चार-चार वर्षांचं कॉलेज, वर्षाला ४५ हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार. घराचं राहिलेलं कर्ज १ लाख ७ हजार, घरावर उचललेले आणखी ३० हजार. घरखर्च महिन्याला २ हजार धरून १० वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार डॉलर. मी वहीत उतरवून तपासलं, बेरीज बरोबर आहे. असा ग्राहक माझ्यापुढे आला असता तर लगेच सही केली असती. कागद एकदम स्वच्छ.

अभिजित: मग, काका?

पाटील काका: मग पाचव्या सीझनला काय होतं? माल बनवायला चोरलेल्या मेथिलअमाइन या रसायनातल्या त्याच्या हिश्शाचे ५० लाख डॉलर देतो म्हणतात. पन्नास लाख! ठरवलेल्या रकमेच्या जवळजवळ सातपट. घे आणि घरी बस. जेसी पाया पडायचा बाकी राहतो. हा काय सांगतो? मी कंपनीतला माझा वाटा ५ हजारांना विकला, आज ती कंपनी २.१६ अब्जांची आहे, मी दर आठवड्याला बघतो. दर आठवड्याला!! म्हणजे ७ लाख ३७ हजार हा आकडा कॉलेजचा नव्हताच. सुषमाताई म्हणतात ते नाक, ते २.१६ अब्जांचं होतं.

सुषमा मॅडम: पाटील, तुम्ही बँकेऐवजी शिकवायला यायला हवं होतं.

पाटील काका: पगार कमी होता हो.

केतकी: 😂 मास्तरलाही वर्षाला ४३,७०० च मिळायचे. तो स्वतःच सांगतो.

रोहन: ठीक आहे, पाचव्या सीझनचा वॉल्ट गेलेलाच आहे. पण पहिल्या सीझनचा? क्रेझी-८ या ड्रग विकणाऱ्याला मारताना तो रडत होता. मी परत बघितला तो भाग. त्या तळघरात त्याला खांबाला बांधून ठेवलाय, गळ्यात सायकलचं कुलूप. हा त्याला सँडविच देतो, पावाच्या कडा कापून, कारण त्याला कडा आवडत नाहीत. कागदावर दोन रकाने काढून यादी करतो. सोडायची कारणं भरपूर लिहितो. मारायचं कारण एकच: सोडला तर तो तुझ्या अख्ख्या घराला मारेल. आणि तरी सोडायचंच ठरवतो. चावी आणायला वर येतो, कचऱ्यातून फुटलेल्या ताटलीचे तुकडे काढून जुळवतो, तर एक टोकदार तुकडा गायब. तो खाली क्रेझी-८ च्या हातात. आता काय करायचं सांगा. मारताना सॉरी सॉरी म्हणत होता तो.

सुषमा मॅडम: हे तू छान पाहिलंस. मी तुझ्याशी सहमत आहे, त्या खुनात माणूस शिल्लक आहे. आता त्याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेव. रेल्वे लुटल्यावर त्यांच्यातला टॉड एका पोराला गोळी घालतो. बाटलीत कोळी धरून मोटरसायकलवर फिरणारं पोर. नंतर जेसी टीव्हीवर हरवलेल्या मुलाची बातमी बघून मोडून पडलाय. वॉल्ट त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मलाही झोप येत नाही म्हणतो, तू घरी जा, मी उरलेलं करतो. जेसी कपडे बदलत असतो आणि आतून शिट्टी ऐकू येते. मास्तर गाणं वाजवत काम करतोय.

केतकी: ती शिट्टी!! अंगावर काटा आला होता. जेसीचा चेहरा.

अभिजित: मॅडम, मग हीच ती वेळ नाही का? सॉरी म्हणणारा शिट्टी वाजवायला लागला. म्हणजे मध्ये कुठेतरी तो बदलला. पाचव्या भागातच संपला असं कसं?

सुषमा मॅडम: बदलला म्हणू नकोस. संकोच गेला. नवीन मुलांचा पहिल्यांदा आम्ल हाताळताना हात थरथरतो, वर्षाअखेरीला तीच मुलं गप्पा मारत ओततात. आम्ल तेच असतं.

अभिजित: हे पटलं नाही, पण उत्तर सुचत नाहीये 😅

कुलकर्णी (सी-१०१): कोणाची पांढरी स्विफ्ट माझ्या जागेत आहे?

पाटील काका: कुलकर्णी, बी विंगचे पाहुणे आहेत, दहा मिनिटांत काढतील.

केतकी: आता माझं ऐका. सगळे वॉल्टबद्दल बोलताय, त्याच्या बायकोचं, स्कायलरचं नाव कोणी घेतलं नाही अजून.

रोहन: कारण ती इरिटेटिंग आहे ताई. सॉरी.

केतकी: हेच. अगदी हेच. नवरा ड्रग्ज बनवतो, माणसं मारतो, तो ‘लेजंड’. बायको विचारते तू रात्री कुठे होतास, ती ‘इरिटेटिंग’. अ‍ॅना गनने, म्हणजे जिने ती भूमिका केली तिने, २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता याच्यावर. नेटवर लोक त्या नटीलाच शिव्या घालत होते, एकाने तर ती कुठे सापडेल, तिला मारायचंय असं लिहिलं होतं. पात्राला नाही, बाईला!

नीलिमा वहिनी: हे मात्र मी वाचतेय. मला पहिल्यापासून स्कायलर पटते. गरोदर बाई, नवरा दोन-दोन दिवस गायब, आल्यावर सुपरमार्केटमध्ये नागडा सापडतो. मी असते तर माहेरी गेले असते.

केतकी: वहिनी ❤️ आणि पुढचं सांगत नाही, पण त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाला ती सगळ्यांसमोर कपड्यांसकट स्विमिंग पूलमध्ये शिरते. रात्री हा विचारतो, तुझी योजना काय? ती म्हणते, वाट बघणं. कशाची? तुझा कॅन्सर परत यायची. पाच सीझनमध्ये त्याच्या तोंडावर इतकं खरं कोणी बोललं नाही.

रोहन: पण तिनेही काळे पैसे पांढरे केलेच ना. कार वॉश विकत घेतलं.

केतकी: घेतलं. तिचीही घसरण आहेच, मी तिला संत म्हणत नाहीये. पण तिला त्यात मजा येत नव्हती. भाड्याच्या गोदामात नोटांचा पलंगाएवढा ढीग दाखवून ती विचारते, हा अजून किती मोठा व्हायला हवा? त्याच्याकडे उत्तर नसतं. काका, तुमच्या ७ लाख ३७ हजारांचं काय झालं ते तिथे दिसतं.

पाटील काका: बरोबर. तो ढीग बघून सौ. म्हणाली, याला वाळवी लागेल.

अभिजित: 😂😂

रोहन: ओके, एक शेवटचा मुद्दा. हँक, त्याचा ड्रग्जविरोधी पोलिसांतला साडू, मेल्यावरचा फोन. घरात पोलीस बसलेत, लाइन टॅप आहे. हा स्कायलरला घाणेरड्या शिव्या देतो, तू कधी ऐकलं नाहीस, मी एकट्याने सगळं केलं म्हणतो. म्हणजे ती सुटावी म्हणून! बोलताना स्वतः रडतोय. हा चांगुलपणा नाही?

अभिजित: या मुद्द्यावर मी रोहनच्या बाजूने. तो भाग मी तीनदा बघितलाय.

केतकी: मीही बघितलाय. तिला वाचवायला फोन केला, कबूल. पण ते शब्द त्याला शोधावे नाही लागले रे. मी उभारलं, मी एकट्याने, तू कधी कौतुक केलं नाहीस… हे वर्षानुवर्षं आत साठलेलं होतं. नाटक आणि खरं दोन्ही एकाच तोंडून. म्हणून तर ती रडते.

रोहन: हं.

सुषमा मॅडम: आणि शेवटी तो उरलेले जवळजवळ ९७ लाख डॉलर मुलाला कसे पोहोचवतो ते आठवा. ग्रेचेन आणि एलियटच्या घरी जाऊन, त्यांना धमकावून, त्यांच्या नावाने. पाचव्या भागात त्यांचे पैसे नको होते. आता स्वतःचे पैसे त्यांचे म्हणून द्यावे लागतात, नाहीतर मुलगा हात लावणार नाही. अख्खी मालिका मरून मारून तो तिथेच पोचला जिथे एका फोनवर ‘हो’ म्हणून पोचला असता.

अभिजित: … मॅडम, तुम्ही जिंकलात. आजच्यापुरतं.

रोहन: मी डीपी नाही बदलणार पण.

सुषमा मॅडम: नको बदलूस. टोपी छान दिसते.

पाटील काका: ११ वाजून गेले. शुभ रात्री. बादल्या!

नीलिमा वहिनी: (१२.४०) झोपला असाल सगळे. मी बारावा भाग बघितला. तुम्ही सांगून ठेवलं होतंत म्हणून म्हटलं काही वाटणार नाही. अहो, त्याच भागात बाळाला कुशीवर निजवतात, दूध वर आलं तर घशात अडकू नये म्हणून. घरात तान्हं आहे, म्हणजे त्याला ठाऊक आहे काय करायचं ते! मुलीला नुसतं कुशीवर वळवायचं होतं. तो आधी धावतो सुद्धा तिच्याकडे. आणि मग थांबतो. मी एवढ्यांदा ओरडले, “वळव रे तिला!” की हे उठून बाहेर आले. ३०१ वाले, आवाजाबद्दल सॉरी. आणि अभिजित, विमानाचं सांगितलंस ते तुला मी विसरणार नाही. उद्या टाकी धुताना भेटच.