बाबांच्या हॉकी स्टिकचा रंग सुरकुतला, आता काय करू?

इंदिरानगरची ताई

नमस्कार. माझे बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. ड्यूटी संपली की रोज हॉकी. ते गेल्यापासून त्यांची लाकडी स्टिक माळ्यावरच होती. माझी लेक यंदा आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये आलीय आणि तिला आजोबांचीच स्टिक हवी आहे. साडेछत्तीस इंची, तिच्या उंचीला बरोबर बसते. म्हटलं, घासूनपुसून नव्याने रंगवून द्यावी.

काय केलं ते सांगते. आधी मुठीवरची जुनी ग्रिप सोडवली. खालचा डिंक वाळून गुळासारखा कडक झाला होता, तो थिनरच्या बोळ्याने निघाला. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला बसले. काळा रंग गेला, खाली निळा निघाला, त्याखाली लाल. बाबा मधूनमधून तिला नवा हात देत असणार, हे मला आत्ता कळलं. मूठ आणि खालचं लाकूड जिथे मिळतं तिथे जाड दोरा गुंडाळलेला होता. घासण्याच्या नादात त्याचे दोन-तीन वेढे तुटले.

शनिवारी निळा ऑइल पेंट लावला. रविवारी दुपारी हाताला चिकटेना, म्हणून दुकानातून आणलेला क्लिअर लॅकरचा स्प्रे वरून मारला. पाच मिनिटांत सगळा रंग गोळा झाला. दुधावरची साय चमच्याने ढकलली की कशी सुरकुतते, अगदी तसा. आणि जिथे सुरकुतला नाही तिथे पांढरट धुकं धरलंय. बघून रडूच आलं. लाकूड बिघडलं का? परत घासू का? त्या दोऱ्याचं काय करायचं? २९ ऑगस्टला, क्रीडा दिनाला शाळेत सामने आहेत.

पंचवटी पॉलिशवाला

ताई, लाकडाला काहीही झालेलं नाही, जिवाला लावून घेऊ नका. ऑइल पेंट वरून सुकतो, आतून कच्चा राहतो. लॅकरमधलं थिनर जहाल असतं. ते कच्च्या रंगात उतरलं की रंग फुगतो आणि लाकूड सोडतो. या दोघांचं कधी जमत नाही. पांढरं धुकं आलं ते हवेमुळे. थिनर झटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. परवा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं, इतका पूर. असल्या दमट दिवसांत आम्हीसुद्धा लॅकरला हात लावत नाही.

आज लगेच घासू नका, चिकट रंगाने पेपर भरून जाईल. दोन दिवस पंख्याखाली राहू द्या, मग जुन्या ब्लेडने खरवडून काढा. ८० नंबर फार जाडा, त्याचे ओरखडे नव्या रंगाखालूनही दिसतात. आता १२० घ्या, मग १८०, शेवटी २४०. हात लाकडाच्या रेषेनेच चालवा, आडवा कधीच नाही. सपाट बाजूला पेपर ठोकळ्याला लावून घासा म्हणजे बाजू सपाटच राहते. खाली वळणापाशी मात्र ठोकळा उपयोगाचा नाही. तिथे लाकडाच्या रेषाही वळतात, म्हणून पेपर बोटाला गुंडाळायचा आणि वळणाबरोबर हात फिरवायचा. खड्डा दिसला तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, पण चिमटीएवढीच. मग ओलसर फडक्याने पुसा. लाकडाचे बारीक केस उभे राहतील, ते वाळल्यावर २४० ने हलके मारून टाका. ही पायरी लोक गाळतात आणि मग हात खरखरीत आला म्हणून रंगाला नावं ठेवतात.

ऑइल पेंटवर ऑइलचंच व्हार्निश लावा, तेही चार-पाच दिवस मध्ये जाऊ देऊन. दोन पातळ हात द्या. जाड एक हात देऊ नका.

राइट हाफ, देवळाली कॅम्प

रंगाचं वर नीट सांगितलंय, मला त्या दोऱ्याची काळजी वाटते. जुन्या स्टिकला मूठ वेताची असते आणि खालचं लाकूड तुतीचं. मूठ पाचरीसारखी तुतीत बसवून सरसाने जोडलेली असते, आणि तो जोड आवळून धरायला वरून दोरा. तो शोभेचा नाही. त्यावर पॉलिश पेपर फिरवायचाच नाही.

एक करून बघा. स्टिक दोन बोटांत सैल लोंबती धरा आणि दुसऱ्या हाताने लाकडी लाटण्याने वरपासून खालपर्यंत हलके ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. चिरलेल्या माठासारखा कुठे बद्द वाटला तर तिथे जोड उकललाय किंवा आत चीर आहे. रंग अशा चिरा झाकतो, बुजवत नाही. मी एकदा रंगवलेली स्टिक घेऊन उतरलो होतो. पहिल्याच जोरदार फटक्याला ती गळ्यापाशी मोडली आणि पुढचा तुकडा आमच्याच पोराच्या नडगीवर बसला. त्याला टाके पडले. म्हणून सांगतो, लेकीच्या हातात देण्याआधी आवाज ऐका.

आणखी एक. डावी सपाट बाजू, जिथे चेंडू लागतो, ती रंगवू नका. तिथले पापुद्रे आठवड्यात उडतात आणि कडा खरखरीत होतात. नियमात कड गुळगुळीतच लागते. दोरा, टेप, ग्रिप सगळं धरून स्टिक आतून ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे आणि वजन ७३७ ग्रॅमच्या पुढे नको. पुठ्ठ्याला ५१ मिलिमीटरचं भोक पाडून घरीच तपासता येतं.

सातपूरचा गोलकीपर

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो, हे सगळं लाकडी स्टिकचं आहे. फायबरची असेल तर कोरडी घासू नका. काचतंतूंची धूळ अंगाला दोन दिवस खाजवते आणि छातीत गेली तर वाईट. वॉटर पेपर, पाणी, तोंडाला मास्क, आणि घासायचं ते फक्त वरच्या रंगापुरतं. आतले धागे दिसायला लागले की थांबा, पुढे घासलं तर स्टिकची ताकद जाते.

इंदिरानगरची ताई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रंग खरवडून काढला, १२०, १८०, २४० असं क्रमाने घासलं. ओल्या फडक्यानंतर लाकूड खरंच केसाळ झालं होतं, हात फिरवून लेक चकित झाली.

मग लाटण्याने ठोकून बघितलं. खाली सगळीकडे खणखणीत, आणि दोऱ्याच्या वीतभर वर बद्द. तीन वेळा ठोकलं, तेच. उरलेला दोरा सोडवला तर जोडात फट होती, पोस्टकार्ड सहज आत जाईल इतकी. फटीत दोन नळ्यांचा एपॉक्सी डिंक भरला, जुन्या सायकलची ट्यूब ताणून गुंडाळली आणि चोवीस तास तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चांभाराकडून मेण लावलेला दोरा आणला आणि नवऱ्याने स्टिक धरली, मी वेढे दिले, एकाला एक चिकटून, एकावर एक चढू न देता. आता ठोकलं तर आवाज पुष्कळ सुधारलाय, पण खालच्याइतका साफ नाही.

म्हणून २९ तारखेला लेक शाळेची स्टिक घेऊन खेळेल, तिला हे पटवायला एक संध्याकाळ गेली. बाबांची स्टिक सोसायटीच्या आवारात पुश आणि ड्रिबलिंगपुरती, फटका मारायचा नाही असं ठरलंय. मागची बाजू निळी केली. सपाट बाजू उघडीच ठेवली आहे, तिथे नुसता व्हार्निशचा एक पातळ हात. पेपर फिरवताना खालच्या टोकाशी लाल रंगाचा एक ठिपका राहिला होता, तो मी घासला नाही.