के/डी १.२६ असूनही मॅच हरतोय, आकडे नेमके कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम खेळतो. गेल्या ३० मॅचचे आकडे वहीत उतरवून काढले: ११ जिंकलो, १९ हरलो. एकूण ६४० राऊंड, ४३५ किल, ३४६ डेथ. म्हणजे के/डी (किल भागिले डेथ) १.२६. एकाचा किल तो समोरच्याचा डेथ, त्यामुळे सगळ्यांची सरासरी काढली तर ती एकाच्या आसपासच येणार. मग १.२६ वाल्याचा टीमला फायदा दिसायला हवा ना? आमची पाच जणांची टीम ठरलेली आहे, त्यामुळे अनोळखी खेळाडूंवरही ढकलता येत नाही.

परवा टीममधला एक जण शांतपणे म्हणाला, "तू आमच्या मागे उभा राहून किल गोळा करतोस." ते मनाला लागलं. त्याच रात्री डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, लावून बसलो.

मिराज या नकाशावर आम्ही ए साईट (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) घेत होतो. रॅम्प, कनेक्टर, पॅलेस या तिथे जायच्या वाटा. तोच मित्र रॅम्पवरून पुढे, मी त्याच्या मागे पाच-सहा पावलांवर. कनेक्टरमधून गोळी आली, तो पडला. मारणारा कुठे आहे हे मला कळलं होतं. तरी मी कोपऱ्यावर थांबलो, तो आपणहून बाहेर येईल म्हणून. तेवढ्यात पॅलेसमधून आमचा दुसरा एकटाच उतरला आणि तोही गेला. नंतर मी समोरच्या दोघांना मारलं, पण दोघंही आधीच जखमी होते. शेवटी बॉम्ब न लावताच वेळ संपला. माझ्या नावावर दोन किल, डेथ शून्य, आणि राऊंड गेला.

माझा एडीआर, म्हणजे दर राऊंडचं सरासरी डॅमेज, ६२ आहे. के/डी इतका बरा असताना तो एवढा कमी कसा? दुसरं म्हणजे, माझे ५८ टक्के किल हेडशॉट आहेत. यावरून नेम चांगला आहे असं धरायचं का? रोज अर्धा तास नेमाचा सराव करतो. तो वेळ दुसरीकडे द्यायला हवा असेल तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

उत्तर तुमच्याच वहीत आहे. ४३५ किल भागिले ६४० राऊंड, म्हणजे राऊंडमागे ०.६८ किल. आता ६२ ला ०.६८ ने भागा. दर किलमागे तुमचं डॅमेज साधारण ९१ येतं. प्रत्येकाची हेल्थ १०० असते आणि एडीआरमध्ये प्रत्यक्षात जितकी हेल्थ काढली तेवढीच धरतात. वीस हेल्थ उरलेल्याला मारलंत तर किल पूर्ण तुमचा, डॅमेज मात्र २०. शिवाय मारता न आलेल्यांना दिलेलं डॅमेजही या ६२ मध्येच आलं. ते धरूनही आकडा शंभराखाली आहे, म्हणजे बरंच काम आधी दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. मित्र खोटं बोलला नाही.

के/डीला किल कधी झाला हे कळत नाही. राऊंड हातातून गेल्यावर पळणाऱ्याला मारलेला किल आणि साईट उघडणारा पहिला किल, दोन्ही एकच मोजले जातात. म्हणूनच एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या वेबसाइटने २०१७ मध्ये आणलेल्या रेटिंग २.० मध्ये किलबरोबर डॅमेज, जगणं, इम्पॅक्ट (राऊंडवर पडलेला प्रभाव) आणि केएएसटी धरले. केएएसटी म्हणजे किती टक्के राऊंडमध्ये तुम्ही किल केला, असिस्ट केला, जिवंत राहिलात किंवा तुमच्या मरणाचा बदला टीमने लगेच घेतला. तुमच्या बाबतीत तोही फसवेल, कारण मागे राहणारा जिवंत राहतोच.

हेडशॉटचा टक्का फक्त झालेल्या किलचा असतो, चुकलेल्या गोळ्या त्यात येत नाहीत. एके-४७ ची एक गोळी हेल्मेटवरून डोक्यात बसली तरी माणूस जातो, एम४ ची तशी जात नाही. बंदुकीनुसारही तो टक्का हलतो. त्यावर रात्र घालवू नका.

नेमाचा सराव दहा मिनिटांवर आणा. उरलेल्या वेळात डेमो लावा आणि एकच गोष्ट मोजा: जवळचा मित्र पडला तेव्हा मारणाऱ्याला तीन-चार सेकंदांत तुम्ही गाठलंत का. सहा पावलं फार झाली. तो ज्या कोपऱ्यावर वळतो, तो कोपरा तुम्हालाही त्याच क्षणी दिसला पाहिजे. आणि तो वळण्याआधी तुमचा फ्लॅश (समोरच्याचे डोळे दिपवणारा ग्रेनेड) फुटलेला हवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. शेवटच्या चार मॅच मोजल्या. मित्र माझ्या जवळ ३१ वेळा पडला, मी ७ वेळाच बदला घेतला. हे बघून फार वाईट वाटलं. त्या मित्राला सांगितलं. आजपासून तो रॅम्पवर वळताना फ्लॅश माझा.

एक अडकलंय. सीटी (साईट राखणारी बाजू) असताना मी बी साईटवर एकटाच असतो, तिथे बदला घेण्याचा प्रश्नच येत नाही. ते राऊंड कशाने मोजायचे? मदत पोहोचेपर्यंत किती सेकंद टिकलो, हे मोजलं तर चालेल का?