मदत हवी आहे : डॉक्टर अचानक सुट्टीवर, फुईच्या मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्या (चोपडा-जळगाव भाग)

तापीकाठचा_भाचा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पेशंट माझी फुई, वडलांची सख्खी बहीण, साठीच्या पुढची, गाव चोपडा तालुक्यात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, मुंबईला रेडिएशनचे शेक देऊन झाले, पण आता कंबरेच्या हाडात उतरलाय. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता दुखणं आटोक्यात ठेवायचं, बाकी धावपळ करू नका. मॉर्फिन 10 एमजी, दर चार तासाला एक आणि रात्री झोपताना दोन. दर महिन्याला मुंबई झेपणार नाही म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली आणि जळगावातल्या एका हॉस्पिटलात दुखण्याचे डॉक्टर होते त्यांच्याकडून गोळ्या सुरू राहिल्या. आधी दोन दिवस तिथं ॲडमिट ठेवून डोस बसवला होता. खरं सांगतो, त्या गोळ्यांच्या आधी बाई रात्रभर "आते सहन व्हत नही रे भाऊ" एवढंच म्हणायची, आणि गोळ्या सुरू झाल्यावर उठून बसायला लागली, शेंगा सोलायला लागली, खिचडीत मीठ कमी पडलं की सुनेला बोलायलाही लागली.

आता झालंय असं की आतेभाऊ गोळ्या आणायला गेला तर काउंटरवर सांगितलं सर लाँग लीव्हवर आहेत, कधी येणार माहीत नाही, आणि दुसरं कुणी लिहून देत नाही कारण म्हणे त्या कामाचं ट्रेनिंग झालेले तेच एकटे होते आणि स्टॉक त्यांच्याच सहीने निघायचा. बाहेर मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवली तर तो हात लावायला तयार नाही, नाव वाचूनच चिठ्ठी परत दिली. गावातला डॉक्टर रोज डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतो म्हणतोय.

आणि वरून व्हॉट्सॲप. गावच्या ग्रुपवर कुणी टाकलं की डॉक्टर स्वतःच त्या गोळ्या खायचे, व्यसनमुक्तीत गेलेत. दुसरा म्हणतो किडनी गेली, डायलिसिसवर आहेत. तिसऱ्याने तर पोलिसांनी उचललं म्हणून डॉक्टरांच्या फोटोसकट टाकलं. खरं काय देवाला माहीत. पण परिणाम असा की आतेभाऊ आता म्हणतो "डॉक्टरलेच लत लागनी तर मायनं काय व्हई", आणि उरलेल्या गोळ्या द्यायलाच घाबरतोय, दोन वेळच्या चुकवल्या पण.

तर एक म्हणजे चोपडा, अमळनेर, जळगाव, धुळे कुठेही मॉर्फिन मिळायची सोय कुणाला माहीत आहे का? दुसरं, त्या डॉक्टरांना नक्की काय झालंय हे हॉस्पिटलने आम्हाला सांगायला नको का, आम्ही त्यांचेच पेशंट आहोत ना? त्यांनी लिहिलेलं आता चालतं की नाही? लवकर सांगा भो, स्ट्रिप अर्धी राहिली आहे.

नर्सताई_धुळे

दादा, आधी आतेभावाला फोन लावा आणि गोळ्या वेळेवर सुरू करायला सांगा, मग पुढचं वाचा. मॉर्फिनची साधी गोळी चारेक तासच काम करते. मध्येच बंद केली तर दुखणं तर उसळतंच, शिवाय शरीराला सवय झालेली असते म्हणून घाम, जुलाब, अंगाला कळा, जीव घाबरा होणं हे सगळं होतं. ही शरीराची सवय आणि व्यसन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅन्सरच्या दुखण्याला मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने सहसा पेशंट व्यसनी होत नाही. मी हे वॉर्डात इतक्या वर्षांत इतक्या नातेवाइकांना समजावलंय की आता झोपेतही सांगेन.

पुरवून पुरवून द्यायच्या म्हणून अंतर वाढवू नका आणि दुखतंय म्हणून मनाने डबलही करू नका. आज-उद्यात डॉक्टर गाठायचाच आहे.

एक विचारते, फुईंची लघवी नीट होते का? ह्या कॅन्सरमध्ये गाठीने मूत्रनळ्या दाबल्या जातात आणि किडनीवर ताण येतो, आणि किडनी कमजोर असली की मॉर्फिन शरीरात साठतं. फार गुंगी, दचकल्यासारखे हातापायाचे झटके, असं काही दिसलं तर लगेच दाखवा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं ते पण बघा. म्हणूनच तो रोजचा डायक्लोफेनॅक मला अजिबात आवडला नाही, तो किडनी आणि पोट दोन्हीला वाईट. पोट साफ होतंय का? मॉर्फिन चालू तोवर पोट साफ व्हायचं औषध चालू, हा नियमच आहे.

केळीवाला_रावेर

आमच्या शेजारी एक आजोबा वारले त्यांचे चिकटवायचे पॅच उरलेत, फेन्टॅनिलचे. मागून पाठवू का? तीन दिवस चालतो म्हणतात एक.

नर्सताई_धुळे

नको हो नको! पॅचची ताकद वेगळी, मॉर्फिनवरून पॅचवर न्यायचा हिशोब डॉक्टरच करतात, आणि हा कायद्याचाही मामला आहे, दुसऱ्याचं औषध असं हातोहात द्यायचं नसतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पॅच लावलेल्या जागेला गरमी लागली, ताप आला, कुणी शेकायची पिशवी ठेवली, तर औषध जास्त वेगाने अंगात शिरतं आणि श्वास मंदावतो. पत्र्याच्या घरात दुपारी पॅच लावून झोपवलेला पेशंट मी बघितलाय, पुढचं लिहीत नाही.

फार्मसीवाला_अमळनेर

मेडिकलवाल्याला शिव्या देऊ नका, त्याची बाजू सांगतो. मॉर्फिन ठेवायला वेगळी परवानगी लागते, तालुक्याच्या दुकानात ते नसतंच. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा एवढ्या कडक की हॉस्पिटलांनीही ते ठेवणं सोडलं, कारण एका बाटलीसाठी चार-पाच लायसन्स आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. 2014 ला कायदा बदलला, मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली, आणि 2015 पासून राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. मान्यता मिळालेल्या संस्थेत ट्रेनिंग झालेला एमबीबीएस किंवा वरचा डॉक्टर नेमलेला लागतो. तुमचं घोडं तिथेच अडलंय, तो एक माणूस गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. म्हणून डॉक्टरांना काय झालं हे विचारत बसू नका, हॉस्पिटलला लेखी विचारा की त्यांच्या जागी नेमलेला डॉक्टर कोण आणि नसेल तर आमच्या पेशंटला कुठे पाठवताय.

ट्रॅमाडॉलचंही आता सोपं राहिलं नाही, 2018 पासून ते पण एनडीपीएसमध्ये, आणि एच-वन (जपून विकायच्या औषधांच्या यादीच्या) रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, नग सगळं लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. गंमत बघा, शेजारी एमपीत मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे मॉर्फिन काढायचा, आणि आपल्या चोपड्याच्या बाईला दहा एमजीची गोळी मिळेना.

पाचोऱ्याचा_अण्णा

मी थोडं वाकडं बोलतो, राग नका धरू. डॉक्टर स्वतः नशेत असेल आणि त्याने माझ्या आईचा डोस लिहिला असेल तर मला कळायला नको? पायलटची तपासणी होते, एसटी ड्रायव्हरची होते, मग डॉक्टरचं काय ते गुपित? प्रायव्हसी प्रायव्हसी करून ही मंडळी एकमेकांना झाकतात असा माझा अनुभव आहे.

कोर्टाच्या_पायरीवर

अण्णा, प्रश्न रास्त आहे. पण आजारी डॉक्टर हा सुद्धा कुणाचा तरी पेशंट असतो. 1998 ला सुप्रीम कोर्टात 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' म्हणून केस झाली, त्यातले एक्स स्वतः डॉक्टर होते. हॉस्पिटलमधून त्यांचा एचआयव्ही रिपोर्ट होणाऱ्या सासरकडे गेला आणि लग्न मोडलं. कोर्टाने त्यांना भरपाई दिली नाही, म्हटलं खाजगीपणाचा हक्क आहे पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे तो मागे हटतो. पुढे 2017 ला नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या त्रासावरचे उपचारही येतात, कलम 23 प्रमाणे उपचार करणाऱ्यांनी ते गुप्त ठेवायचे. एनडीपीएसमध्येच कलम 64-ए आहे, थोड्या मालात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळू शकते. डॉक्टर उपचार घ्यायला गेले असतील असं धरलं, तरी फोटो फिरवला की पुढचा डॉक्टर उपचाराला जाणार नाही, लपून करत राहील, आणि तेव्हा तुमच्या आईचा डोस खरंच धोक्यात येईल.

म्हणजे गप्प बसा असं नाही. चुकीचा डोस, नशेत तपासणी, गोळ्या कमी भरल्या, असं काही स्वतः पाहिलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करा, चौकशी तिथे होते. ग्रुपवर टाकणाऱ्यावर मात्र अब्रुनुकसानीचा दावा बसू शकतो.

धागाकर्त्याला : डॉक्टर सुट्टीवर गेले म्हणून आधी लिहिलेला डोस खोटा ठरत नाही, पण जुन्या चिठ्ठीवर पुन्हा माल मिळणार नाही, नवीन लागेल. फुई ॲडमिट होत्या ना? मग डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड मागितलं की 72 तासांत द्यावं लागतं. साधा अर्ज द्या, पोच घ्या. गोळ्या आणताना चिठ्ठी आणि बिल जवळ ठेवा, पोलिसांनी विचारलं तर दाखवा, घाबरायचं काम नाही.

पाचोऱ्याचा_अण्णा

बरं. कौन्सिलला किती वर्षं लागतात ते पण सांगा मग.

कोर्टाच्या_पायरीवर

लागतात. ते नाकारत नाही.

नर्सताई_धुळे

दादा, जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे भूल विभागात किंवा कॅन्सर ओपीडीत "पॅलिएटिव्हचं कोण बघतं आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन स्टॉकला आहे का" असंच विचारा, पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं-त्रास कमी ठेवायचे उपचार; नुसतं "दुखण्याची गोळी" म्हणालात तर पॅरासिटामॉल हातात ठेवतील. आधी फोन, मग गाडी. आणि मुंबईला ज्यांनी सुरू केलं त्यांनाही फोन लावा, ते इथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलतात बऱ्याचदा. फाइल, बायोप्सी, डिस्चार्ज कार्ड, रिकाम्या स्ट्रिपा सगळं न्या. पहिल्या वेळी पेशंट न्यावा लागेल, नंतर नातेवाइकाच्या हाती देतात बऱ्याच ठिकाणी.

तापीकाठचा_भाचा

सगळ्यांचे आभार. आतेभावाला नर्सताईंचा मेसेज वाचून दाखवला, दुपारची गोळी दिली त्याने. मुंबईला फोन लागला, तिथल्या मॅडम म्हणाल्या धुळ्याच्या डॉक्टरांशी बोलते, उद्या फाइल घेऊन जा. ॲम्ब्युलन्स परवडत नाही, बोलेरो ठरवलीय, मागच्या सीटवर गादी टाकून नेतो, अमळनेरवरून जावं की शिरपूरवरून, कुठला रस्ता कमी खड्ड्यांचा आहे सध्या? कंबरेला धक्का बसला की ओरडते.

अण्णा, मलाही राग आहे, पण त्या फोटोखाली मी लिहिलं की काढा. दोघं ग्रुप सोडून गेले, फोटो अजून आहे.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट सापडला, 1.9 लिहिलंय. नर्सताई, हे जास्त आहे का?

नर्सताई_धुळे

जास्त आहे. उद्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच कागद दाखवा, डोस आणि अंतर ते बदलतील. गुंगी फार वाटली किंवा श्वास मंद वाटला तर उद्याची वाट न बघता आज रात्रीच निघा. डायक्लोफेनॅक बंद. शिरपूरवरून जा, हायवे लागला की धक्के कमी, आणि निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास वेळेची गोळी देऊन घ्या.