मदत हवी आहे: सोनोग्राफी नॉर्मल, तरी भावाचे जुलाब थांबत नाहीत

आर्वीकडचा: लहान भाऊ तीन महिन्यांपासून बेजार आहे. तालुक्याला सोनोग्राफी केली, नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, आतड्याला सूज असेल, नागपूरला जाऊन आतड्याची सोनोग्राफी करा. एकदा झाली ना, मग परत काऊन? कापूस वेचणीवर आला, मजूर भेटत नाही. कोणाले माहीत असेल तर आजच सांगजा.

पऱ्हाटी७२: वय? रक्त पडते का? वजन उतरलं का? रात्री उठावं लागते का?

आर्वीकडचा: २२. रक्त नाही. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवीन भोकं पाडली, तरी पॅन्ट सरकते. रात्री दोनदा उठते, मी टॉर्च घेऊन संगं जातो.

बेलफळ: बेलाचा मुरंबा द्या. माझ्या सासऱ्यांचं पोट महिन्यात बसलं.

पऱ्हाटी७२: ताई, इतकं वजन उतरलेल्या पोराला मुरंब्यावर ठेवता का?

बेलफळ: डॉक्टर सोडा असं कुठं म्हटलं मी?

प्रोबवाली: मी सोनोग्राफी सेंटरात आहे. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी बघतात. आतडं मुद्दाम बघतातच असं नाही. आतड्यासाठी वेगळा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब (सोनोग्राफीचा हातातला दांडा) पोटावर हळूहळू दाबत फिरवतात आणि भिंतीची जाडी मोजतात. ३ मिमीच्या वर गेली तर सुजेचा संशय. डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, भिंतीतला प्रवाह वाढलेला दिसला तर संशय पक्का होत जातो. रेडिएशन नाही, त्यामुळे औषध लागू पडतं का हे बघायलाही परत करता येते. गुदाशय मात्र पोटावरून नीट दिसत नाही.

विहीरवाला: मग पैसे कशाला घालवता? सरळ कोलोनोस्कोपी करा, कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघतात ती. माझी झाली. आदल्या रात्री ते जुलाबाचं पाणी पिणं, तेवढाच त्रास.

प्रोबवाली: भाऊ, तीही लागेलच. भिंत क्रोन्समध्ये (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) जाड होते, तशी आतड्याच्या टीबीतही होते. फरक कळायला कोलोनोस्कोपीत आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी बळावतो. शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीचंही विचारा, तिच्यातून आतड्याच्या सुजेचा अंदाज येतो. भाऊ दुखण्याच्या गोळ्या खातो का?

आर्वीकडचा: हो, डायक्लोफेनॅक. फवारणीचा पंप घेऊन पाठ धरली तेव्हापासून, मेडिकलवरून आणून. डॉक्टरले हे सांगितलंच नाही.

प्रोबवाली: आधी तेच सांगा! त्या गोळ्यांनीही आतडं सुजते, कॅलप्रोटेक्टिनही वाढते. मनानं घेणं आजच बंद.

एसटीप्रेमी: तुमच्याकडं कापसाला काय भाव लागला?

पऱ्हाटी७२: इथं नको, दुसरा धागा काढा. आर्वीकर, नागपूरच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात पोटविकाराचा विभाग आहे. जुनी कागदं संगं न्या.

आर्वीकडचा: गोळ्यांची रिकामी पाकिटं उशीखालून काढली, सहा निघाली. सगळी पिशवीत टाकली. वेचणी काकाच्या भरवशावर सोडून सोमवारी निघतो. उपाशीपोटी न्यावं लागते का त्याले?