मदत हवी आहे : डायव्हर पुतण्याची खांदेदुखी, स्वच्छ एक्स-रे आणि पुढील तपासण्या

करवीरकाका

नमस्कार. माझा पुतण्या व्यावसायिक डायव्हर आहे. पावसाळा सोडला तर वर्षातील बहुतेक महिने तो मुंबई हाय परिसरातील प्लॅटफॉर्मच्या पाण्याखालील भागाची तपासणी आणि सफाई करणाऱ्या पथकात असतो आणि दोन कंत्राटांच्या मधल्या काळात कोकण किनाऱ्यावरील जेट्यांची लहानमोठी कामे घेतो. कोल्हापुरात पट्टीच्या पोहणाऱ्यांची कमतरता नाही, परंतु या व्यवसायातील अनुभवी माणूस आमच्या ओळखीत एकही नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीजवळील एका जेटीचे काम उरकून तो त्याच संध्याकाळी मोटारीने आंबा घाटमार्गे घरी निघाला. मलकापूर येईपर्यंत त्याचा डावा खांदा दुखू लागला होता. दुखणे खोल आतले होते. खांदा दाबल्याने ते वाढत नव्हते आणि हात कसाही ठेवला तरी कमी होत नव्हते. दोन-तीन दिवसांत ते ओसरल्यामुळे त्याने कोणालाही कळवले नाही. आता काही महिन्यांनंतर रात्री आणि हात डोक्यावर नेताना तेच दुखणे पुन्हा जाणवते. येथील अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला, म्हणून स्नायू ताणल्याचे निदान करून त्यांनी गोळ्या आणि व्यायाम सांगितले. डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. समुद्रापासून इतक्या दूर त्यांच्याकडे डायव्हर रुग्ण येणार तरी कधी?

मला मुख्यतः हे विचारायचे आहे की त्या संध्याकाळचे दुखणे डायव्हिंगमुळे झाले असण्याची शक्यता किती गंभीरपणे घ्यावी, एक्स-रे स्वच्छ असताना एमआरआयचा आग्रह धरणे योग्य ठरेल का, आणि डॉक्टरांपुढे नेमकी कोणती माहिती ठेवली म्हणजे त्यांना निर्णय घेणे सोपे जाईल. पुतण्या नव्या हंगामाच्या कंत्राटावर सही करण्याच्या तयारीत असल्यामुळे उत्तराची थोडी घाई आहे.

दर्यातळ

काका, मी अनेक वर्षे डाइव्ह सुपरवायझर म्हणून काम केले आहे, डॉक्टर नाही. आमच्याकडे नियम असा, की डायव्हिंगनंतर काही तासांत सांध्यात खोलवर दुखू लागले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे आमच्या बोलीत बेंड्स, समजायचे आणि लगेच डायव्हिंगच्या डॉक्टरांना फोन लावायचा. खांदा ही त्याची नेहमीची जागा आहे आणि बहुतेक लक्षणे पहिल्या सहा तासांत दिसतात.

समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो आणि त्या दाबाच्या प्रमाणात श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला तर ठीक. दाब झपाट्याने उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची शास्त्रशुद्ध कोष्टके शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडली, आणि आजची टेबल्स त्याच वाटेवरची आहेत. मात्र टेबल तंतोतंत पाळूनही बेंड्स होतो. नॉर्थ सीच्या ब्रिटिश भागातील १९८२-८३ मधील डायव्हिंगच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पाण्यात थांबे घेतले की डेकवरील चेंबरमध्ये (आतला दाब वाढवता येणाऱ्या बंद टाकीत), यापेक्षा खोली आणि तिथे घालवलेला वेळ यांचाच आजाराशी अधिक संबंध दिसला. त्यानंतर तेथे प्रत्येक खोलीसाठी बॉटम टाइमची, म्हणजे उतरू लागल्यापासून तळ सोडेपर्यंतच्या वेळेची, कमाल मर्यादा घातली गेली. त्यामुळे ‘टेबल पाळले होते’ एवढ्यावर पुतण्याने निश्चिंत राहू नये.

आता घाटाविषयी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि आंबा घाटाचा माथा त्याहून थोडा उंच. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. आकडा किरकोळ वाटतो, परंतु अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तासा-दोन तासांत एवढा दाब उतरणे म्हणजे डाइव्हनंतर न थांबता आणखी थोडे वर येण्यासारखेच आहे. विमानप्रवासाबाबत आम्ही सगळे काटेकोर असतो, घाटाबाबत मात्र कोणी विचारसुद्धा करत नाही, कारण गाडी जमिनीवरून चालते.

एक प्रतिप्रश्न : जेटीच्या कामावर चेंबर होता का?

करवीरकाका

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पुतण्याला विचारले. चेंबर नव्हता. होडीवरून स्कूबाच्या टाक्या लावून काम झाले. दिवसात एकाहून अधिक वेळा पाण्यात उतरावे लागले आणि शेवटची डाइव्ह दुपारची होती. खोली वीस मीटरच्या आसपास होती, असे तो आठवणीने सांगतो. लिहिलेली नोंद मात्र कुठेही नाही. मुंबई हायवर तो ४० मीटरच्या खालीही गेलेला आहे आणि तिथे पाण्यातून वर आल्याबरोबर डेकवरील चेंबरमध्ये ऑक्सिजन देतात, असे म्हणाला.

दर्यातळ

हीच तफावत मला खटकते. ऑफशोर कामासाठी आयएमसीए या सागरी कंत्राटदारांच्या संघटनेची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यानुसार पृष्ठभागावरून हवा पुरवून केलेल्या डायव्हिंगसाठीही जागेवर दोन कप्प्यांचा चेंबर असावाच लागतो, पथक किमान पाच जणांचे लागते, हवेवर ५० मीटरच्या खाली जाता येत नाही आणि स्कूबा वापरताच येत नाही. मुंबई हायला पाणी सुमारे ७५ ते ८० मीटर आहे, म्हणून तळाजवळचे काम सॅच्युरेशन पद्धतीने, म्हणजे डायव्हरांना अनेक दिवस दाबाखालीच ठेवून, हीलियम-ऑक्सिजनवर करतात. हाच डायव्हर सुटीत किनाऱ्यावर येतो तेव्हा यातले काहीही त्याच्या पाठीशी नसते. वीस मीटर ही खोली फसवी आहे. वारंवार उतरल्यास प्रत्येक वेळचा उरलेला नायट्रोजन पुढच्या डाइव्हमध्ये जमा धरावा लागतो.

सांगलीचा अस्थितज्ज्ञ

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रुग्णास तपासलेले नसल्यामुळे हे निदान समजू नये, तरी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

त्या संध्याकाळचे दुखणे बेंड्स असण्याची शक्यता पुरेशी आहे. त्या वेळी उपचार झाला असता तर तो असा होता : तत्काळ शंभर टक्के ऑक्सिजन आणि त्यानंतर चेंबरमध्ये १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली, म्हणजे २.८ वातावरणाखाली, ऑक्सिजन. अमेरिकन नौदलाचे प्रचलित टेबल ६ सुमारे पावणेपाच तासांचे आहे. काही महिन्यांपूर्वीच्या दुखण्यासाठी आता ते आपणहून करून घेऊ नये. डायव्हिंगच्या डॉक्टरांनी सांगितले तरच.

आताचे दुखणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. डायव्हरांमध्ये खांद्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या डोक्याजवळ रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मृत होऊ शकतो. कोविडनंतर एव्हीएन हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला, तोच हा विकार. येथे कारण दाबातील बदल असते, म्हणून त्यास डिस्बॅरिक ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसू लागण्यास अनेक महिने, कधी वर्षे लागतात, एमआरआयमध्ये बराच आधी दिसतो. म्हणजे स्वच्छ एक्स-रेमुळे ही शंका मिटत नाही. असा मृत भाग, म्हणजे व्रण, हाडाच्या दांड्यात असेल तर बहुधा त्रास होत नाही. सांध्याच्या पृष्ठभागालगत असेल तर पुढे पृष्ठभाग खचून सांधा निकामी होऊ शकतो, आणि ते आधी कळण्यातच फायदा आहे. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल येथे डायव्हरांच्या हाडांच्या एक्स-रेंची जी केंद्रीय नोंद दीर्घकाळ ठेवली गेली, तिच्यात हा विकार खोल आणि दीर्घ डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये अधिक आढळला, उथळ पाण्यातच काम करणाऱ्यांमध्ये क्वचित. पुतण्या ४० मीटरच्या खाली गेलेला आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याने कधी स्टेरॉइड घेतली आहेत का, मद्यपान किती आहे, याची उत्तरेही प्रामाणिकपणे द्यावीत, कारण तीही कारणे आहेत.

अर्थात, हात डोक्यावर नेताना दुखणे हे रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूबंधांच्या, दुखापतीचेही लक्षण आहे आणि पाण्याखाली जड हत्यारे चालवणाऱ्याला ती होणे स्वाभाविक आहे. एमआरआयने दोन्ही प्रश्न एकदम सुटतील. तोवर त्याने पाण्यात उतरू नये.

पंचगंगातीर

आपल्या भागात आता ऑक्सिजन थेरपीची केंद्रे निघाली आहेत. खबरदारी म्हणून तिथे काही बैठका घेतल्या तर काय हरकत आहे?

सांगलीचा अस्थितज्ज्ञ

हरकत आहे. अशा अनेक केंद्रांतील मऊ, फुगवायचे चेंबर जेमतेम १.३ वातावरणापर्यंत जातात. वर दिलेल्या २.८ शी याची तुलना करून पाहावी. त्यात वेळ जातो आणि आपण उपचार घेतला, असा खोटा दिलासा मिळतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या विषयाचे तज्ज्ञ आहेत. नागरिकांना तिथे थेट दाखवता येते का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे लागेल. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सविस्तर संदर्भपत्र दिले तर काम सोपे होईल.

करवीरकाका

एमआरआयला पुतण्या तयार झाला आहे. त्याची खरी भीती वेगळी आहे. दुखण्याची नोंद झाली तर वार्षिक वैद्यकीय प्रमाणपत्र अडेल आणि हंगाम बुडेल, या धास्तीने पथकातील मुले दुखणे अंगावर काढतात, असे तो म्हणतो. शिवाय मुंबई हायवरील कोणते टेबल वापरले, हे विचारल्यावर ‘ते कंपनीचे आहे, सुपरवायझर बघतात’ एवढेच त्याला माहीत आहे. पोराच्या अंगावर जे आकडे चालवले गेले, ते त्यालाच ठाऊक नसावेत, हे मला पटत नाही.

दर्यातळ

काका, याच प्रश्नावर युरोपात खटला झालेला आहे. नॉर्थ सीमध्ये सुरुवातीच्या काळात काम केलेल्या डायव्हरांनी नॉर्वे सरकारविरुद्ध तो चालवला. तिथे कंपन्या वेगवेगळी डीकम्प्रेशन टेबल्स वापरत आणि स्पर्धेपोटी ती गोपनीय ठेवत. वेगवान टेबल म्हणजे कामाला जास्त वेळ, आणि धोका डायव्हरच्या वाट्याला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ५ डिसेंबर २०१३ रोजी निर्णय दिला की या टेबलांमधील धोक्याची आवश्यक माहिती डायव्हरांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करण्यात सरकार कमी पडले. तो निर्णय आपल्याकडे लागू नाही, परंतु मागणी रास्त आहे हे सांगायला तो उपयोगी पडतो.

याआधी, १९९३ मध्ये, नॉर्वेतच गोडोयसुंड येथे तज्ज्ञांची परिषद झाली होती. कोणताही अपघात न झालेल्या काही डायव्हरांमध्येही हाडे, मज्जासंस्था आणि फुप्फुसे यांत बदल आढळतात, असे तिथे नमूद झाले. ‘मला कधी बेंड्स झाला नाही’ म्हणणाऱ्यानेही आपल्या नोंदी जपाव्यात, त्या यासाठी.

पुतण्याने पहिले काम करायचे ते वैयक्तिक लॉगबुकाचे. प्रत्येक डाइव्हची तारीख, कमाल खोली, बॉटम टाइम, वापरलेले टेबल, श्वासाचा वायू आणि नंतरची लक्षणे त्यात येतात आणि सुपरवायझर त्यावर सही करतो. लॉगबुक डायव्हरच्या मालकीचे असते. ऑफशोर कामाच्या जुन्या नोंदी कंत्राटदाराकडे लेखी मागाव्यात, तोंडी नकोत. जेटीच्या दिवसाचे, जोडीदारालाही विचारून, आठवेल तेवढे आजच लिहून काढावे आणि ‘आठवणीवरून’ असे स्पष्ट नमूद करावे; नंतर रचलेली खोटी अचूकता डॉक्टरांना उलट दिशाभूल करते.

प्रमाणपत्राबाबत त्याची भीती अगदीच निराधार नाही. योग्य उपचार झालेल्या साध्या बेंड्सनंतर डॉक्टरांच्या परवानगीने लोक कामावर परततात. सांध्यालगतचा व्रण निघाला तर मात्र तो दाबाखाली जाणार नाही आणि ते मान्य करावे लागेल. हंगाम जाईल. खांदा त्याच्याकडे राहील, आणि तपासणी, आरओव्ही (पाण्याखालील दूरनियंत्रित यंत्र) चालवणे, चेंबर सांभाळणे अशी कामे या व्यवसायात आहेत.

करवीरकाका

एमआरआयची वेळ मिळाली आहे. लॉगबुक लिहायला तो काल रात्रीच बसला. आता शेवटचे विचारतो : पुढे कधी कोकणातील काम घेतलेच, तर घाट चढण्यापूर्वी किती थांबावे?

दर्यातळ

डॅन, म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, या संस्थेच्या हौशी डायव्हरांसाठीच्या शिफारशी ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहेत : थांबे न लागलेल्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, वारंवार किंवा सलग अनेक दिवस डायव्हिंग केल्यास १८ तास, आणि डीकम्प्रेशनचे थांबे लागले असतील तर त्याहून बराच अधिक वेळ. आंबा घाट या आकड्याच्या अगदी काठावर आहे, म्हणून मी हाच हिशेब धरतो. व्यावसायिक कामासाठी डीएमएसी या डायव्हिंगविषयक वैद्यकीय सल्लागार समितीची स्वतंत्र सूचना आहे; ती सुपरवायझरकडे मागावी आणि दोन्हींपैकी कडक असेल ती पाळावी. रात्री रत्नागिरीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघावे आणि मुक्कामाचा खर्च कामाच्या दरातच धरावा. चेंबर किती तासांच्या अंतरावर आहे, हे पाण्यात उतरण्यापूर्वी विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याचे काम घेऊ नये.