ट्रॉम्बेच्या हवेतले आकडे: देवनारच्या सोसायटी ग्रुपवर

संजय (बी-३०२): सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड, 'ट्रॉम्बेच्या हवेत रेडिएशन'. कोणी मोजलं, कधी मोजलं, काही पत्ता नाही. खरा आकडा कुठे मिळतो?

मेधा (सी-१०४): धुळीचा आकडा मी रोज 'समीर' ॲपवर बघते, त्यावर ठरवते लेकाला खाली खेळायला सोडायचं की नाही. रेडिएशनचं काय बघायचं?

देशपांडे काका (ए-५०१): मोजतात गं, आमचं ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्रच मोजतं. गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रांचं देशभर जाळं आहे. खाडीचं पाणी, गाळ, मासळी, सगळं तपासतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) मिळतात. अणुप्रकल्पांमुळे त्यात जास्तीत जास्त १ ची भर पडलेली चालते. घाबरू नका.

मेधा: काका, तुमच्यावर विश्वास आहे. पण मोजतात हे ऐकून रात्रीची झोप लागत नाही, आकडा दिसला की लागेल.

सुनंदा (ए-७०१): मी सध्या लेकीकडे आहे, कॅलिफोर्नियात, लिव्हरमोरला. इथे १९५२ पासून अण्वस्त्रांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिचा पर्यावरण अहवाल दरवर्षी नेटवर येतो. काल जेवण झाल्यावर जावयांनी लॅपटॉपवर उघडून दाखवला. हवा, पाऊस, विहिरी. इथे द्राक्षमळे खूप, म्हणून वाइनमधलं ट्रिटियमसुद्धा (किरणोत्सारी हायड्रोजन) मोजतात आणि युरोपातल्या वाइनशी ताडून बघतात! जमिनीखालच्या पाण्यात जुनी सॉल्व्हंट्स (विरघळवणारी रसायनं) मुरल्यामुळे १९८७ साली ही जागा सरकारी सफाईच्या यादीत गेली. तेही त्यात लिहिलेलं आहे.

संजय: अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेला जमतं, मग आपल्याला का नाही?

देशपांडे काका: १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या कलम १८ ने सरकारला माहिती रोखायची मुभा दिली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम वैध धरलं. अणुभट्टीच्या आतलं गुपित असावं, मी नोकरीभर ते पाळलं. पण कुंपणाबाहेरचं गवत आणि खाडीतली निवटी यांत कसलं गुपित? कोळणीकडून आपण ती विकत घेऊन खातो. हे आकडे गावाला दाखवायलाच हवेत. फॉरवर्डचं तोंड त्यानेच बंद होईल.

मेधा: माहिती अधिकारात मागू या?

देशपांडे काका: मागू. प्रश्न मात्र नेमके हवेत: कुठला नमुना, कुठल्या महिन्यातला, किती निघालं. मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. मसुदा मी लिहितो.

संजय: कोर्ट फी स्टॅम्प आणू?

देशपांडे काका: तो राज्य सरकारच्या अर्जाला. हे केंद्राचं खातं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आण. सह्यांना रविवारी सकाळी माझ्याकडे या.