मदत हवी आहे: हिरड्यांतल्या जंतूमुळे आमवात होतो का? दात काढून टाकू का?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४४. सहा वर्षांपासून आमवात आहे. झिजेचा नव्हे, ऱ्हुमॅटॉइड. अँटी-सीसीपी (आमवाताची एक रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट १५ मिलिग्रॅम आणि सोबत फोलिक अ‍ॅसिड. दोन वर्षं बरी गेली, पण गेल्या काही महिन्यांपासून सकाळी पुन्हा मुठी वळेनाशा झाल्यात. तासभर तरी कोमट पाण्यात हात बुडवून बसावं लागतं.

मागच्या आठवड्यात दाढ हलते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाई एका बारीक, टोकाशी रेघा आखलेल्या सळईने हिरडीत टोचत, हिरडी दातापासून किती मिलिमीटर खोल सुटली आहे त्याचे आकडे सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी ते लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." मला वाटलं, चाललंय ठीक. मग उजवीकडच्या खालच्या दाढांशी आल्या आणि जरा थांबल्या. "पाच, सहा, सहा. रक्त." चूळ भरली तर पाणी लाल. पायरिया (हिरड्यांचा आजार) बराच पुढे गेलाय, दातांची मुळापर्यंत सफाई करावी लागेल म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "तुम्हाला सांध्यांचा काही त्रास आहे का?" मी चाट पडले. दातांचा आणि बोटांचा संबंध काय? तर म्हणाल्या, आहे, असं आता पुष्कळ जण मानतात. बाहेर पेशंट ताटकळले होते, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

घरी आल्यावर खरा घोळ सुरू झाला. धाकट्या भावजींनी एक लेख पाठवला: हिरड्यांतला अमुक जंतू हेच आमवाताचं मूळ, तो घालवला की आमवात गेला. सासूबाई म्हणतात, मग दात ठेवायचेच कशाला, सगळे काढ, कवळी बसव आणि सूट एकदाची. गंमत म्हणजे दुखरी मूठ घेऊन रात्री दोन वाजता बसलं की हा विचारही पटायला लागतो.

तर जाणकारांनी सांगावं. यात खरं किती? हिरड्यांचे उपचार केले तर औषध कमी होईल का? ती मुळापर्यंतची सफाई करायची तर मेथोट्रेक्झेट थांबवायचं का? आणि दात काढण्याबद्दल काय?

मनवा:

माझ्या मावशीला दोन्ही आहे, आमवात आणि पायरिया. संबंध असतो हे तिलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाकी माहिती नाही. वाचते आहे.

दंतकथा:

मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे तुमच्यासाठीचं निदान समजू नका.

लेखातला तो जंतू बहुधा पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस असणार. हवा नसलेल्या जागी, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल पॉकेटमध्ये तो सुखाने राहतो. पायरियात सापडणारे इतर जंतूही तसे कमी नाहीत, पण याच्याकडे एक हत्यार आहे. त्याचं एक एन्झाइम प्रथिनांमधल्या अर्जिनिन नावाच्या घटकाचं सिट्रुलिन करून टाकतं. १९९९ साली ते ओळखलं गेलं. असं एन्झाइम आपल्या पेशींमध्येही असतं, पण ते कॅल्शियम मिळाल्याशिवाय चालत नाही. जंतूच्या एन्झाइमला कॅल्शियम लागत नाही. शिवाय त्याच जंतूची दुसरी एन्झाइम्स प्रथिनांना नेमकी अर्जिनिनपाशी कापतात, आणि उघड्या पडलेल्या त्या टोकावर हे एन्झाइम काम करतं. एकाने कापायचं, दुसऱ्याने रंग बदलायचा, अशी जोडी.

आता तुमचा अँटी-सीसीपी आठवा. त्यातला मधला 'सी' म्हणजे सिट्रुलिन लागलेला. तुमची रोगप्रतिकारशक्ती सिट्रुलिन झालेल्या स्वतःच्याच प्रथिनांना परकं समजते आहे, हेच ती तपासणी सांगते. ही अँटिबॉडी सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडू शकते. तेव्हा साहजिक प्रश्न पडला की सांधे अजून ठणठणीत असताना भांडण सुरू कुठे झालं? फुफ्फुसं हा एक संशयित, म्हणूनच धूम्रपानाचा आमवाताशी इतका घट्ट संबंध दिसतो. हिरड्या हा दुसरा. २००४ मध्ये पॉर्फिरोमोनसचं हे एन्झाइम आणि आमवात यांची सांगड घालणारी कल्पना मांडली गेली आणि तेव्हापासून तिच्यावर काम चालू आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यात तो एकटा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टरकडे बोट दाखवलं (पूर्ण नाव इतकं लांब आहे की परीक्षेत ते लिहिताना माझी शाई संपायची). तो एक विष सोडतो, त्याने पांढऱ्या पेशींना भोकं पडतात, भोकांतून कॅल्शियम आत घुसतं आणि आपलीच एन्झाइम्स बेफाम होऊन दिसेल त्याचं सिट्रुलिन करत सुटतात. म्हणजे एक जंतू स्वतः काम करतो, दुसरा आपल्याकडून करवून घेतो.

मग २०२३ चा अभ्यास. आमवाताच्या रुग्णांचं रक्त दीर्घकाळ वारंवार तपासलं, तर ज्यांच्या हिरड्या खराब होत्या त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू पुन्हापुन्हा उतरताना दिसले, आणि त्या जंतूंवर सिट्रुलिनचा शिक्का होता. रक्त येणारी हिरडी ही एक उघडी जखमच असते. तोंड बंद ठेवलं म्हणून ती दिसत नाही एवढंच.

शंकेखोर:

दंतकथा, छान समजावलंत (आणि आयडी भारी!). पण जरा ब्रेक लावतो.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. धूम्रपानाने हिरड्याही बिघडतात आणि आमवातही वाढतो. आमवाताने हात वाकडे झाले की दात नीट घासता येत नाहीत, म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो. आमवातासोबत कधी कधी येणाऱ्या शोग्रेन नावाच्या आजारामुळे तोंड कोरडं पडलं तर दातांची वाट आणखी लागते. आणि पायरिया असलेल्या असंख्य लोकांना आमवात कधीच होत नाही. एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे ठरावीक प्रकार, धूर, जंतू, असं बरंच काही जुळून यावं लागतं. एका जंतूच्या डोक्यावर सगळं खापर फोडणारा लेख सरळ बाजूला ठेवा.

आता सासूबाईंचा उपाय. त्यांना हसू नका, कारण एके काळी मोठमोठे डॉक्टर हेच सांगत होते. विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१० मध्ये मॅकगिल विद्यापीठात भाषण देऊन तोंडातल्या घाणीवर कितीतरी आजारांचं बिल फाडलं. त्यानंतर सांधे दुखतात म्हणून दात उपट, टॉन्सिल काढ, अशी लाटच आली. चांगले दातही गेले. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हिन यांनी आमवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा या काढाकाढीचा फायदा काही दिसेना. लोकांची तोंडं बोळकी झाली आणि सांधे होते तिथेच राहिले.

आजही दात नसलेल्या माणसांना आमवात असतोच की.

अर्धविराम:

बापरे. हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "१९३८ ला मी जन्मलेसुद्धा नव्हते, माझ्यावर कशाला ढकलतोस!"

पण मग उपचार करून सांध्यांना उपयोग होतो की नाही, ते कुणीच सांगितलं नाही.

दंतकथा:

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण उत्तर सरळ नाही. काही छोट्या अभ्यासांत मुळापर्यंत सफाई केल्यावर सांध्यांची सूज, ईएसआर (रक्तातून दिसणारं सुजेचं मोजमाप) वगैरे थोडं खाली आलं. पण रुग्ण थोडे आणि पाहणीचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा. उलट फ्रान्समधल्या एका चाचणीत, ती २०२० मध्ये छापून आली, हिरड्यांतले जंतू कमी झाले तरी आमवाताच्या जोरात फरक पडला नाही. 

म्हणून मी पेशंटना असं सांगते: सफाई दातांसाठी करा. सहा मिलिमीटरची पॉकेट तशीच ठेवली तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं, तुमची दाढ हलते आहे ती त्यामुळेच असू शकते. आमवात नसता तरी मी हेच सांगितलं असतं. सांध्यांना बरं वाटलं तर वरकड. ते गृहीत धरून औषधाला हात लावायचा नाही.

मेथोट्रेक्झेट स्वतःच्या मनाने थांबवू नका. हिरड्यांच्या साध्या सफाईसाठी सहसा थांबवावं लागत नाही, पण तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करा. कुणी बायोलॉजिक इंजेक्शनं (आमवातावरची, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं) घेत असेल आणि हिरडीची शस्त्रक्रिया किंवा दात काढणं असेल, तर इंजेक्शनच्या तारखेचा विचार दोन्ही डॉक्टरांनी मिळून करायचा असतो. मेथोट्रेक्झेटने तोंडात फोडही येऊ शकतात. तसं काही असेल तर तेही दोघांना सांगा, नाहीतर दातांचे डॉक्टर वेगळंच काहीतरी समजायचे. दाढ काढायची वेळ आलीच तर त्या एका दाढेपुरतं बघायचं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

जुनाखोड:

अहो ताई, मी डॉक्टर नाही, पण आमवात एकोणीस वर्षांचा आहे, तेव्हा थोडा हक्क आहे.

दातांच्या खुर्चीत बसण्याआधी मान दुखते का ते त्यांना सांगा. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांतही शिरतो. माझी मान एकदा उशी न घेता मागे टाकली होती, तेव्हा हातांना मुंग्या आल्या. आता छोटी उशी मागून घेतो. जबड्याचा सांधाही आखडतो, तासभर आ करून बसणं जमत नाही. एक बाजू आज, दुसरी पुढच्या आठवड्यात, असं करून घ्या. आणि वेळ दुपारची मागा. सकाळी नऊची दिली तर "डॉक्टर, नऊला माझे हात अजून माझे नसतात" म्हणायचं.

ब्रशचं सांगतो. बारीक दांडा माझ्या बोटांत फिरायचा, हिरडीला लागायचा कमी, गालाला जास्त. मनगटाला बांधायचं क्रेप बँडेज पडून होतं, ते दांड्याला गुंडाळून वर चिकटपट्टी मारली. लिंबाएवढी जाड मूठ झाली. पुढे मुलीने विजेवरचा ब्रश आणून दिला. त्याचा दांडा मुळातच जाड आणि हात फार हलवावा लागत नाही. दातांच्या फटीत फिरवायचा धागा मला कधीच जमला नाही. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश जमतो.

सकाळी नुसतं उरकायचं. खरं घासणं रात्री, हात मोकळे असतात तेव्हा.

शंकेखोर:

जुनाखोड यांना +१. वरच्या आमच्या सगळ्या पांडित्यापेक्षा ते बँडेज कामाचं.

अर्धविराम:

तीन महिन्यांनी परत आले आहे, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना उपयोग होईल.

सांध्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सफाई केली, चार खेपांत, सगळ्या दुपारच्या. मानेखाली उशी मागितली तेव्हा मदतनीस मुलीने टॉवेलची गुंडाळी करून दिली. भूल दिली होती, दुखलं नाही, फक्त मुळावर खरवडल्याचा आवाज डोक्यात फिरत राहतो, तो नको वाटतो. दाढ वाचली आहे, सध्या तरी.

परवा पुन्हा मोजलं. "तीन, चार, चार." एका जागी अजून पाच. ब्रश केल्यावर रक्त येत नाही. सीआरपी (हेही सुजेचं मोजमाप) २२ होता, आता ९ आहे. भावजींनी लगेच "बघ, मी म्हणालो नव्हतो!" असा संदेश टाकला. पण मधल्या काळात सांध्यांच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट १५ वरून २० केलं होतं, ते त्यांना माहीत नाही.

शंकेखोर:

म्हणजे दोन गोष्टी एकाच काळात बदललीत. प्रयोग फसला :)

अर्धविराम:

फसला तर फसला, मूठ वळते आहे.

दंतकथा, एकच विचारायचं राहिलं. ती पाच मिलिमीटरची जागा आहे ना, तिथे फटीतला ब्रश कुठल्या मापाचा घेऊ? दुकानात पाच-सहा रंगांचे दिसले.

दंतकथा:

रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. फटीत किंचित घट्ट जाईल पण रेटावा लागणार नाही, असा घ्यायचा. मधली तार दाताला घासता कामा नये. प्रत्येक फटीचं माप निराळं असू शकतं, म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच त्या जागी बसवून दाखवायला सांगा, आणि आरशात बघून एकदा त्यांच्यासमोर तुमच्या हाताने घालून बघा. बोटांना तो दांडा पेलतो का, ते तिथेच कळेल.